पाते खाली, सेल वर : विमानतळावरच्या तपासणीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रवासाच्या तयारीविषयी लिहिताना “खिशात एक छोटी विजेरी असू द्या” असे वाक्य मी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच होता : असू द्यावी हे मान्य, पण विमानतळावर ती जवळ राहू देतात का? आणि विजेरीच्या शेजारी जे जे असते, म्हणजे घडीचा चाकू, मल्टिटूल, अडकित्ता, चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर, त्याचे काय? सगळी पत्रे छापणे शक्य नाही. ज्यांच्या प्रश्नात इतरांचेही प्रश्न सामावतात, अशी आठ पत्रे निवडली आहेत. उत्तरे वाचताना एकच भेद ध्यानात ठेवावा. विमानतळावर सामानाबद्दल दोन वेगळ्या चिंता वाहिल्या जातात. एक चिंता शस्त्राची असते आणि दुसरी आगीची. पहिलीमुळे धारदार वस्तू प्रवाशापासून दूर, विमानाच्या पोटात पाठवतात. दुसरीमुळे सुटे लिथियम सेल प्रवाशाजवळच ठेवायला लावतात. ‘पाते खाली, सेल वर’ एवढे पाठ केले तरी बहुतेक शंका घरच्या घरी सुटतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलाकडे बंगळूरला जाताना काउंटरवरच्या मुलीने हिंदीत विचारले, “बॅगेत बॅटरी आहे का?” शेतावर रात्री जायची सवय असल्याने माझ्या सामानात दोन सेलची बॅटरी नेहमीच असते, म्हणून मी होय म्हणालो. तिने बॅग उघडायला लावली, बॅटरी पाहिली आणि “ही नव्हे” असे म्हणून परत दिली. मी ती हातातल्या पिशवीत टाकली, तर पुढे सुरक्षा तपासणीत तीच पिशवी बाजूला काढून बॅटरी उघडून दाखवायला सांगितली. मग बॅटरी न्यायची तरी कुठे? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपले काहीच चुकले नाही. घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे विजेरीलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात जे घालतो त्याला सेल. काउंटरवर मात्र बॅटरी म्हणजे वीज साठवणारी वस्तू, आणि त्यातही विशेषकरून पॉवर बँक, सुटे लिथियम सेल, ड्रोनचे किंवा कॅमेऱ्याचे जादा सेल. ते चेक-इन बॅगेत जाता कामा नयेत, म्हणून तो प्रश्न असतो. आपल्या विजेरीतले साधे कोरडे सेल या बंदीत बसत नाहीत. ते विजेरीत असोत की सुटे असोत, दोन्ही सामानात चालतात. फक्त त्यांची टोके किल्ल्यांना, नाण्यांना लागणार नाहीत अशा बेताने ते ठेवावेत.

काउंटरवरचा प्रश्न आगीचा होता, तपासणीतला शस्त्राचा. म्हणूनच एकाने “ही नव्हे” म्हटलेली वस्तू दुसऱ्याने थांबवली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, धोकादायक पदार्थांचे नियम पाहते. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, काय घेऊन आत जाता येईल ते ठरवतो, आणि बहुतेक प्रमुख विमानतळांवर ते अमलात आणणारे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे असतात.

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर विजेरी कशी दिसते याची कल्पना केली, तर त्या जवानाविषयी राग उरत नाही. पडद्यावर कापड, कागद, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, जड धातू निळे दिसतात, आणि किरण ज्यातून पार होत नाहीत अशी फार दाट वस्तू काळी दिसते. धातूची नळी, तिच्यात एकापुढे एक सेल, टोकाला स्प्रिंग आणि मागे दोन तारा, हे चित्र त्याला पिशवीतल्या सदऱ्यांच्या आणि डब्यांच्या गर्दीत दिसते. असे चित्र दिसल्यावर उघडून पाहणे हे त्याचे कामच आहे. त्यासाठी विजेरी पिशवीच्या तळाशी न ठेवता मोबाइलबरोबर ट्रेमध्ये वेगळी ठेवावी आणि विचारल्यास लावून दाखवावी. माझ्या अनुभवात एवढ्यावर काम भागते.

एक अपवाद आहे. चार मोठ्या सेलची, हातभर लांबीची, जाड धातूची विजेरी हातात धरली की दंडुकाच होतो, आणि तपासणारा तिच्याकडे दंडुका म्हणूनच पाहणार. ती चेक-इन बॅगेत द्यावी, आणि खटका चुकून दाबला जाऊन ती आत पेटू नये म्हणून साधे सेल असतील तर ते काढून द्यावेत. घरच्या सवयीची दोन सेलची विजेरी मात्र खुशाल जवळ ठेवावी.

प्रश्न : आम्ही सहाजण पुण्याहून विमानाने दिल्लीला आणि तिथून डेहराडूनला जाऊन ट्रेक करणार आहोत. प्रत्येकाकडे हेडलॅम्प आहे. माझ्याकडे १८६५० या मापाच्या लिथियम-आयन सेलची एक शक्तिमान विजेरी, तिचे दोन जादा सेल आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. शिवाय घडीचा चाकू, काठ्या आणि स्टोव्हचा छोटा गॅस सिलिंडर आहे. कुठे काय ठेवू? — एक गिर्यारोहक, पुणे

उत्तर : आधी जे नेताच येत नाही ते बाजूला काढा. गॅसचा सिलिंडर, मग तो भरलेला असो वा अर्धा, हातसामानातही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. तो डेहराडूनला विकत घ्या. काडेपेटी आणि लायटर यांनाही आपल्या देशात दोन्हीकडे मनाई आहे. परदेशात काही ठिकाणी खिशात एक लायटर चालतो, त्यामुळे अनुभवी प्रवासीही इथे चुकतात. चाकू, काठ्या, तंबूच्या खुंट्या चेक-इन बॅगेत जातील. चाकूचे पाते मिटवून, फडक्यात गुंडाळून ठेवा, कारण बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाचे बोट कापू नये हेही आपण पाहायला हवे.

आता सेल. क्षमता वॉट-तासांत मोजतात, आणि प्रवाशाच्या सुट्या सेलसाठी १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची आगाऊ संमती लागते आणि असे जादा सेल दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाच्या सामानात जागा नाही. हिशेब शाळेतला आहे : एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. आपला १८६५० सेल ३,५०० एमएएच आणि ३.६ व्होल्टचा धरला तर १२.६ वॉट-तास होतात. पॉवर बँकेच्या आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात, म्हणजे २०,००० एमएएचचे ७४ वॉट-तास. दोन्ही मर्यादेच्या खूप आत आहेत. ३०,००० एमएएचची पॉवर बँक मात्र १११ वॉट-तासांची होते, आणि ती घेऊन काउंटरवर गेल्यावर परवानगी मागणे म्हणजे उशीर करणे. पॉवर बँकेवर छापलेले आकडे पुसले गेले असतील तर ती घरी ठेवून जा. क्षमता वाचता येत नसेल तर अडवणाऱ्याला दोष देता येणार नाही.

हे दोन जादा सेल आणि पॉवर बँक हातसामानातच हवेत. सेल सुटे खिशात टाकू नका. प्रत्येक सेलला प्लॅस्टिकची डबी असावी, ती नसेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. किल्लीचा जुडगा आणि १८६५० सेल एका खिशात राहिले, दोन्ही टोके धातूने जोडली गेली, की काही क्षणांत सेल हात भाजण्याइतका तापतो. विजेरीतला सेल विजेरीतच राहू द्या, पण तिचे मागचे टोपण अर्धा फेरा सैल करा. त्यामुळे बहुतेक धातूच्या विजेऱ्यांचा विद्युतमार्ग तुटतो आणि खटका दाबला गेला तरी दिवा लागत नाही. हजार लुमेनची विजेरी स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या अवस्थेत लागली तर कापड करपते. हे मी दुसऱ्याकडून ऐकलेले नाही. माझ्या स्वतःच्या सॅकच्या अस्तराला तसे रुपयाएवढे भोक आहे.

वर का आणि खाली का नाही, याचे कारण समजले तर नियम जाचक वाटत नाही. लिथियम-आयन सेल बिघडला की त्याच्या आतली उष्णता स्वतःच वाढत जाते आणि शेजारच्या सेललाही पेटवते. सामानकक्षात हॅलॉन वायूने आग दाबता येते, पण सेलच्या आतली ही साखळी त्याने तुटत नाही, आणि उड्डाणात तिथे माणूस पोहोचू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये लिथियम सेल असलेल्या मालाने पेट घेतला, विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून लिथियम-आयन सेल माल म्हणून नेणे बंद झाले. याउलट केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी लगेच पाणी ओतून सेल थंड करू शकतात. पण त्यासाठीही तो हाताशी हवा. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे एक विमान उड्डाणापूर्वीच जळाले. आग डोक्यावरच्या सामानकप्प्यातून सुरू झाली होती, आणि चौकशीत पॉवर बँकेतल्या बिघाडाची शक्यता पुढे आली. सुदैवाने सगळे प्रवासी बाहेर पडले. त्यानंतर त्या देशाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. आपण प्रवास करताना ती समोरच्या आसनाच्या खाली, नजरेसमोर ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे जाणती माणसेही चुकतात. लहान विमानतळांवर एटीआर ७२ सारखी पंख्याची विमाने येतात. त्यांचे वरचे कप्पे अरुंद असतात, म्हणून विमानाच्या दाराशीच प्रवाशांच्या केबिन बॅगा काढून घेऊन पोटात टाकतात. त्या घाईत बॅगेतली पॉवर बँक आणि सेल बॅगेबरोबर खाली जातात. हे टाळण्यासाठी सेलची डबी आणि पॉवर बँक एका छोट्या थैलीत ठेवा, म्हणजे बॅग मागितली की ती थैली उचलता येईल.

प्रश्न : माझ्या आजोबांचा पितळी अडकित्ता मी चंचीत बाळगते. सुपारीचा मला नाद आहे, हे कबूल करते. मुंबई विमानतळावर तो अडवला. माझ्यापुढे उभ्या असलेल्या शीख गृहस्थांना कृपाणासह जाऊ दिले, मग माझ्या अडकित्त्याने असे काय होणार होते? नेलकटरसुद्धा उलटसुलट करून पाहिला. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अडकित्त्याला पाते असते, धार असते आणि तो सुटा, हातात मावेल असा असतो. तपासणाऱ्याला त्याचा उपयोग सुपारीपुरता आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारच दिलेला नाही, आणि दिलेला नाही हेच बरे आहे. दिवसाला हजारो माणसे ज्याच्यासमोरून जातात, त्याने प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून हेतू ओळखावा अशी अपेक्षा केली, तर तपासणी माणसामाणसांत भेद करू लागेल. म्हणून भारतात हातसामानासाठी पात्याच्या लांबीची सवलत नाही. घडीचा चाकू, स्विस नाइफ, दाढीचे सुटे पाते, टोकदार कात्री, अडकित्ता, सगळे चेक-इन बॅगेत. नेलकटर चालतो. आपला नेलकटर निरखून पाहिला याचे कारण असे की, बाजारातल्या अनेक नेलकटरांना कानशीबरोबर एक इवले घडीचे पातेही जोडलेले असते. तसे पाते असेल तर तोही अडतो.

या कडकपणाला इतिहास आहे. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पूर्वी चार इंचांहून लहान पात्याचा चाकू केबिनमध्ये नेता येत असे, आणि त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांनी लहान पात्यांचाच वापर केला. आपल्याकडे २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेले गेले. अपहरणकर्त्यांकडे इतर शस्त्रांबरोबर चाकूही होते आणि एका तरुण प्रवाशाचा जीव चाकूनेच घेतला गेला. आठ दिवस चाललेल्या त्या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे देण्याचा निर्णय झाला. २००० साली जयपूरपासून त्याची सुरुवात झाली.

कृपाणाबद्दलची आपली शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून तिचे उत्तर स्पष्टपणे देतो. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच, कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल, असे लिहिलेले आहे. त्याला अनुसरून भारतांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशाला कृपाण बाळगता येते, पण तेही मापात : पाते १५.२४ सेंटिमीटरपेक्षा म्हणजे सहा इंचांपेक्षा लांब नको आणि एकूण लांबी २२.८६ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे नऊ इंचांपेक्षा जास्त नको. आंतरराष्ट्रीय उड्डाणात ही सवलत नाही. ती धर्माचरणाशी जोडलेली आहे, वस्तूच्या उपयोगाशी नाही, त्यामुळे अडकित्त्याची तिच्याशी तुलना होऊ शकत नाही.

आपल्या पत्रात अडकित्त्याचे पुढे काय झाले ते लिहिलेले नाही, आणि मला त्याचीच चिंता लागून राहिली आहे. वेळ हाताशी असेल तर अशा वेळी जवानाला नम्रपणे सांगून विमान कंपनीच्या काउंटरवर परत जाता येते आणि ती वस्तू एखाद्या पिशवीत घालून चेक-इन सामान म्हणून देता येते. मात्र त्यासाठी उड्डाणाच्या तासभर आधी ते काउंटर बंद होण्यापूर्वी पोहोचलेले असावे लागते. सोडायला आलेल्या नातेवाइकांना लगेच परत पाठवू नये, तपासणी पार पडल्याचा फोन करेपर्यंत त्यांना थांबवावे. माझ्या वडिलांचा शिंगाच्या मुठीचा चाकू मी असाच एका विमानतळावर घाईघाईत टाकून दिला. विमान मिळाले, चाकू गेला. आता अठरा वर्षे झाली, तरी त्याची मूठ हाताला आठवते. आजोबांचा अडकित्ता यापुढे आदल्या रात्रीच मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवून द्यावा.

प्रश्न : न्यू जर्सीच्या भाच्याने मला एक मल्टिटूल भेट दिले आहे. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि कात्री आहे, पाते मुळीच नाही. तो म्हणतो, “मामा, हे विमानात चालते, खास त्यासाठीच बनवले आहे.” पुढच्या महिन्यात मी मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे त्याच्याकडे जाणार आहे. जवळ ठेवू का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : भाचा खरे बोलतो आहे, पण त्याच्या देशापुरते. अमेरिकेत विमानतळाची तपासणी करणाऱ्या टीएसए या संस्थेच्या नियमाप्रमाणे सात इंचांपर्यंतची हत्यारे हातसामानात चालतात, आणि कात्रीचे पाते तिच्या खिळीपासून चार इंचांहून कमी असले तर तीही चालते. चाकूचे पाते मात्र कितीही लहान असले तरी चालत नाही. मार्च २०१३ मध्ये त्या संस्थेने सहा सेंटिमीटरपेक्षा लहान पात्यांना मुभा देण्याचे जाहीर केले होते, पण हवाई सुंदऱ्यांसह विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला आणि जूनमध्ये तो बेत सोडून देण्यात आला. बिनपात्याची मल्टिटूले बनतात ती या नियमामुळेच.

युरोपीय संघाचा नियम वेगळ्या मापाचा आहे. तिथे चाकूचे किंवा कात्रीचे पाते सहा सेंटिमीटरपेक्षा लांब नसावे आणि स्क्रू ड्रायव्हरसारख्या हत्याराचा दांडाही सहा सेंटिमीटरच्या आत असावा. म्हणजे छोटा स्विस नाइफ तिथे नियमात बसू शकतो, जो अमेरिकेत बसत नाही, आणि भारतातही नाही.

आपला प्रवास मुंबईहून सुरू होतो, हे इथे निर्णायक आहे. कोणत्या देशाचा नियम लागू होईल हे वस्तू कुठे विकत घेतली किंवा आपण कुठे चाललो आहोत यावरून ठरत नाही. तपासणी जिथे होते तिथला नियम लागतो, आणि वाटेत जितक्या वेळा तपासणी होईल तितक्या वेळा तो नव्याने लागतो. भारतात पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर ही हत्यारे हातसामानात चालत नाहीत. म्हणून मल्टिटूल चेक-इन बॅगेत टाका. ती बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग केलेली असेल तर फ्रँकफर्टला आपल्याला तिच्याकडे पाहावेही लागणार नाही. तिकडे अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना ते खुशाल खिशात ठेवा. अर्थात तिथेही शेवटचा शब्द तपासणी नाक्यावरच्या अधिकाऱ्याचाच असतो.

प्रश्न : मी रुग्णालयांतली यंत्रे दुरुस्त करतो आणि महिन्यातून चारदा विमानाने जातो. पान्हे, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि बॅटरीवर चालणारे ड्रिल नेहमी बरोबर असते. — एक तंत्रज्ञ, नाशिक

उत्तर : पान्हे, पक्कडी, स्क्रू ड्रायव्हर, करवतीची पाती हे सारे खाली. मल्टिमीटर वर चालतो, फक्त त्याच्या टोकदार सळ्या खालच्या पेटीत टाका. ड्रिलचे दोन भाग करा : यंत्र चेक-इन पेटीत, बॅटरी पॅक जवळ. १८ व्होल्टचा ५ अँपिअर-तासांचा पॅक ९० वॉट-तासांचा होतो, म्हणजे मर्यादेत बसतो, पण त्याच्या उघड्या पट्ट्यांवर टोपी किंवा चिकटपट्टी हवी. सोल्डरिंग गन विजेच्या तारेवर चालणारी असेल तर खालच्या पेटीत जाते. सेलवर चालणारी असेल तर तिचा सेल काढून ठेवावा लागतो आणि ती नेण्यापूर्वी कंपनीला विचारावे लागते, कारण तीव्र उष्णता निर्माण करणाऱ्या वस्तूंचा तो वेगळा वर्ग आहे. गॅसवर चालणारी तर घेऊच नका. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हत्यारांची यादी चिकटवून ठेवा. पेटी उघडली गेली तर तपासणाऱ्यालाही सोपे जाते, आणि परत भरताना काय राहिले ते आपल्यालाही कळते.

प्रश्न : माझी मुलगी हैदराबादला एकटी राहते. तिच्यासाठी ऑनलाइन एक विजेरी मागवली आहे. तिला पुढे टोकदार कडा आहे आणि बटण दाबले की विजेचा झटकाही बसतो. ती विमानाने नेऊ शकेल का? — एक आई, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपली काळजी मला समजते, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो : ही वस्तू तिच्याबरोबर विमानतळावर पाठवू नका. झटका देणारे साधन विजेरीच्या रूपात असले तरी ते तपासणीत विजेरी ठरत नाही, शस्त्र ठरते. हातसामानात ते नक्कीच अडेल. आत लिथियम सेल असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेक-इन बॅगेतही त्याला मनाई आहे. विजेरीचे रूप देऊन ते लपवल्यासारखे दिसते, त्यामुळे प्रश्नोत्तरे वाढतात, आणि एकट्या मुलीला चौकशीच्या खोलीत उत्तरे देत बसावे लागावे, हे आपल्याला आवडणार नाही. कार्डाच्या किंवा किल्लीच्या आकाराचे छुपे चाकू याच कारणाने टाळावेत. बंदुकीच्या गोळीच्या आकाराची किल्लीची साखळीही घरी ठेवावी. ती शोभेची असली तरी थांबवतात, आणि चुकून खरी गोळी बॅगेत निघाली तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो.

टोकदार कडेविषयी थोडे. काही विजेऱ्यांच्या काचेभोवती मुकुटासारखे दाते असतात आणि विक्रेते त्याची जाहिरात ‘स्वसंरक्षणासाठी’ अशी करतात. ज्या शब्दाने ती आपल्याला आकर्षक वाटते, नेमका तोच शब्द तपासणाऱ्याला खटकतो. मुलीला गोल, साध्या कडेची, तळहाताएवढी, पण तेजस्वी विजेरी द्या. अंधाऱ्या जिन्यात डोळे दिपवणारा प्रकाश आणि मोठ्या आवाजाची शिट्टी या दोन गोष्टी ती कुठल्याही विमानात, कुठल्याही देशात जवळ ठेवू शकते.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. माझ्या घडीच्या काठीला मुठीखाली छोटा दिवा आहे. काठी यंत्रात घालायला सांगतात, तेव्हा मला उभे राहता येत नाही. — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, आपली काठी विमानात येऊ शकते, दिव्यासकट. ती यंत्रातून काढतात, कारण एकेकाळी काठीत गुप्ती बाळगली जात असे, आणि आत पाते नाही हे वरून कळत नाही. त्या वेळी टेकायला खुर्ची किंवा हात मागणे हा आपला हक्क आहे, संकोच करू नका. तिकीट काढतानाच मुलाला चाकाच्या खुर्चीची नोंद करायला सांगा, म्हणजे सोबतचा मदतनीस तपासणी संपेपर्यंत आपल्याजवळ राहील. काठी पलीकडून आल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.

प्रश्न : मी तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातो. यंदा अंदमानला जायचे आहे. पाण्याखालची मोठी विजेरी आणि पायाला बांधायचा चाकू नेता येईल का? — एक पाणबुड्या, मालवण

उत्तर : चाकू चेक-इन बॅगेत, म्यानासह. विजेरीचा प्रश्न मात्र साध्या विजेरीपेक्षा वेगळा आहे. पाण्याखालच्या ताकदवान दिव्याची उष्णता समुद्राचे पाणी वाहून नेते. तोच दिवा कोरड्या बॅगेत चुकून लागला तर ती उष्णता जायला जागा नसते आणि बॅग पेटू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत अशा दिव्यांचा उल्लेख नावानिशी आहे : विमान कंपनीची संमती घ्यावी आणि दिवा व सेल एकमेकांपासून वेगळे करून न्यावेत. प्रवासाच्या दोन दिवस आधी कंपनीला दिव्याची आणि सेलची माहिती लेखी कळवा आणि आलेले उत्तर छापून जवळ ठेवा. अंदमानला बहुतेकजण चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान बदलून जातात, आणि दुसऱ्या काउंटरवरच्या माणसाला पहिल्याने काय मान्य केले ते माहीत नसते. सेल डबीत घालून हातसामानात ठेवा. दिव्याचे रबरी कडे सेल काढताना निसटते, ते तिथेच पुन्हा बसवून ग्रीस लावून घ्या, आणि परतीच्या प्रवासासाठी वीर सावरकर विमानतळावर येण्यापूर्वी सेल पुन्हा वेगळे करायला विसरू नका. शेवटच्या दिवशीच्या बुडीनंतर दिवा ओला असतो, तो कोरडा करून मगच उघडावा लागतो, त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.